निरुपायाचा क्रूस

माणसाच्या दुःखावर जगात एकच खरा उपाय आहे, आणि तो दोन हजार वर्षांपूर्वी लिसिफॉन नावाच्या एका ग्रीक गृहस्थाने लिहून ठेवलेला आहे. त्याच्या मित्राचा तरुण मुलगा गेला, तेव्हा त्या मित्रासाठी त्याने सांत्वनपर असं एक छोटं पुस्तक लिहिलं. त्यात तो म्हणतो की तत्त्वज्ञान करून पाहिलं, प्रवास करून पाहिला, देवांनाही विचारून झालं. पण दुःखात माणसाला पुन्हा उभं करणारी गोष्ट एकच, आणि ती म्हणजे अमुक. या 'अमुक'च्या जागी मूळ पुस्तकात एक शब्द होता. मध्ययुगात ज्या साधूने पुस्तकाची नक्कल केली, त्याने नेमका तो शब्द चुकीचा उतरवला. अक्षरं स्वच्छ आहेत, वळणदार आहेत, आणि त्यांचा ग्रीक भाषेत काहीही अर्थ होत नाही. पुस्तकाची दुसरी प्रत कुठेही नाही.

ही माहिती मला डॉ. लोथार विंकेल यांनी दिली, आमच्या इमारतीच्या मागच्या अंगणात, कचऱ्याच्या बिनांच्या रांगेपाशी उभं राहून. आम्ही ग्लासगोच्या त्या जुन्या दगडी इमारतीत नुकतेच राहायला आलो होतो. ब्राउन बिनमध्ये काय टाकायचं, एवढंच मी त्यांना विचारलं होतं. त्यांनी आधी बिनचं सांगितलं, मग स्वतःचं नाव सांगितलं, मग लिसिफॉनचं सांगितलं. आणि तिन्ही गोष्टी सारख्याच गांभीर्याने सांगितल्या.

विंकेल तळमजल्यावर राहायचे, आम्ही पहिल्या मजल्यावर. उंच, किंचित वाकलेले, कोपरांवर ठिगळं लावलेलं जाकीट, आणि कानामागे सुतारासारखी पेन्सिल. जर्मनीतल्या एका लहान गावातून ते तरुणपणी इथल्या युनिव्हर्सिटीत ग्रीक शिकवायला आले आणि एका स्कॉटिश बाईशी लग्न करून इथलेच झाले. इतकी वर्षं शेजारी राहून त्यांनी मला कधी पहिल्या नावाने हाक मारली नाही. मी 'डॉक्टर दामले' आणि माझी बायको सुनंदा 'फ्राऊ दामले'. इथे आमच्या हॉस्पिटलात पहिल्या दिवसाच्या शिकाऊ पोरापासून चीफ एक्झिक्युटिव्हपर्यंत सगळे एकमेकांना पहिल्या नावाने बोलावतात आणि पाठ फिरली की एकमेकांचे गळे कापतात. त्यामुळे विंकेलांचं 'डॉक्टर दामले' ऐकलं की मला जरा सुरक्षित वाटायचं.

त्यांचं एक ठरलेलं वाक्य होतं: "शक्य आहे, पण ग्रीक नाही." मूळ अर्थ असा, की एखाद्या बिघडलेल्या ओळीत कुणी नवा शब्द सुचवला, तर तो अर्थाला जुळेलही, पण त्या काळचा ग्रीक माणूस तसं लिहिणार नाही. पण ते हे वाक्य सगळीकडे वापरत. कौन्सिलने रस्त्याच्या कडेला सायकलींसाठी आखलेली रेघ, सुपरमार्केटातला आंबा, आमच्या मराठी मंडळाच्या कार्यक्रमातलं पाहुण्यांचं अध्यक्षीय भाषण. ते भाषण तर मराठीत होतं. विंकेलांनी ते शेवटपर्यंत मान तुकवून ऐकलं आणि बाहेर आल्यावर मला हेच म्हणाले.

जिन्याच्या तळाशी एक नोटीस बोर्ड होता. सगळ्यात वरच्या मजल्यावरच्या मिसेस मकेकनी त्यावर सूचना लावायच्या. 'कृपया जिन्यात बिन ठेवू नयेत, त्याने उंदीर येतात.' दुसऱ्या दिवशी त्याखाली बारीक पेन्सिलीने लिहिलेलं असे: '"त्याने" म्हणजे कशाने? बिन, जिना, की ठेवणं? संदर्भ अस्पष्ट.' मिसेस मकेकनी नवी सूचना लावत. तिच्याखाली आधीच्या सूचनेतले पाठभेद येत. माझा एक मामा पुण्यात जुन्या पोथ्यांचे पाठभेद टिपण्याचं काम करायचा. त्याच्या पानांवरही तळाला बारीक अक्षरांच्या मुंग्यांची अशीच रांग असायची. ग्लासगोच्या जिन्यात, उंदरांच्या निमित्ताने, ती रांग पाहिल्यावर मला घरच्यासारखं वाटलं. मिसेस मकेकनींना तसं वाटलं नसावं. पण त्यांचं इंग्रजी मात्र त्या काळात फार सुधारलं.

विंकेलांच्या आयुष्यातला सगळ्यात जवळचा शत्रू म्हणजे तो नक्कल करणारा साधू. त्याचं नाव कुणालाच ठाऊक नाही. विंकेल त्याला, ख्रिस्ती मठातल्या साधूला म्हणतात तसं, 'ब्रदर' म्हणायचे. त्याच्या चुकांवरून त्यांनी त्याचा अख्खा स्वभाव काढला होता. ब्रदरला ग्रीक बेताचंच येत होतं. तो संध्याकाळी, भूक लागली की जास्त चुकायचा. ओळीच्या शेवटाला तो आधीच पुढच्या ओळीचा विचार करत असायचा. आणि त्याची सगळ्यात वाईट खोड अशी, की तो नकार गाळायचा. वाक्यातलं छोटंसं 'नाही' त्याच्या हातून निसटायचं, आणि लिसिफॉन जे म्हणाला त्याच्या बरोबर उलटं कागदावर उमटायचं.

"ब्रदर आज काय म्हणतोय?" असं त्यांची बायको मोइरा रोज चहा देताना विचारायची.

"ब्रदर आज डुक्कर आहे," असं उत्तर यायचं.

मोइरा ही निवृत्त हेल्थ व्हिजिटर. अर्ध्या ग्लासगोची बाळं तिने वजन करून पाहिली होती. बुटकी, ठणठणीत, आणि नवऱ्याच्या विद्वत्तेकडे ती थंडीकडे पाहावं तशी पाहायची: आहे, राहणार, कोट घालून बाहेर पडायचं. पहिल्याच भेटीत तिने सुनंदाला "कम इन, हेन" म्हटलं. सुनंदा वर आली ती तणतणत.

"मला कोंबडी म्हणाली रे ती. पहिल्याच भेटीत."

"इथे प्रेमाने म्हणतात तसं."

"आपल्याकडे नाही म्हणत कुणी कोंबडी."

पुढे ही कोंबडी दर आठवड्याला खालच्या मजल्यावर जाऊन बसू लागली आणि जिन्यात मोइराच्या तोंडचं 'हेन' ऐकलं नाही तर बेचैन होऊ लागली, ही गोष्ट वेगळी.

क्रूसबद्दल सांगायला हवं, कारण सगळं त्याच्यावर येऊन ठेपतं. जुन्या ग्रंथाचा संपादक बिघडलेली ओळ दुरुस्त करतो. पण एखादी जागा अशी येते की सगळे उपाय हरतात. तेव्हा तो त्या शब्दाच्या आधी एक आणि नंतर एक असे दोन छोटे क्रूस छापतो. अर्थ असा, की इथे काहीतरी बिघडलं आहे हे मला दिसतं, आणि मला ते दुरुस्त करता येत नाही. या खुणेचं जुनं लॅटिन नाव आहे 'निरुपायाचा क्रूस'.

"मूर्ख माणूस क्रूस कधीच घालत नाही," विंकेल म्हणायचे. "आळशी माणूस लगेच घालतो. माझे गुरुजी म्हणत, क्रूस घालण्याआधी एक आयुष्य द्यावं."

मी रेडिओलॉजिस्ट आहे. दिवसभर अंधाऱ्या खोलीत सावल्या वाचतो. आमच्याकडेही असे क्रूस असतात, फक्त आम्ही ते लगेच घालतो. 'निश्चित सांगता येत नाही. रुग्णाच्या लक्षणांशी ताडून पाहावे.' हे मी त्यांना सांगितलं तेव्हा ते बराच वेळ हसले. मग म्हणाले, "पण तुमच्या ओळीला एक यकृत असतं, डॉक्टर दामले. माझी ओळ वाट पाहू शकते."

अख्ख्या लिसिफॉनमध्ये त्यांनी एकही क्रूस घातलेला नव्हता. एवढी एक जागा सोडून सगळं पुस्तक तयार होतं, आमची इरा शाळेत जायला लागली तेव्हापासून तयार होतं. या जागेसाठी मागच्या विद्वानांनी सुचवलेले शब्द त्यांना पाठ होते. एकाने 'काळ' सुचवला होता, एकाने 'मद्य', एकाने 'झोप'. एका फ्रेंचाने 'मैत्री'. त्यावर विंकेल म्हणत, "फ्रेंच माणसाला अक्षरं मोजता येत नाहीत."

एकदा आमच्याकडे जेवताना सुनंदाने वरणभात वाढता वाढता म्हटलं, "जेवण असेल हो. दुःखात माणसाला दुसरं काय देतात? आमच्याकडे शेजारचे डबा आणतात."

विंकेलांनी चमचा खाली ठेवला. अक्षरं बोटांवर जुळवली. "शक्य आहे, फ्राऊ दामले," ते म्हणाले. आम्ही पुढच्या अर्ध्याची वाट पाहिली. ते आलंच. पण नेहमीपेक्षा उशिरा आलं.

आमच्या घराशी त्यांचं खरं नातं जुळलं ते लिंगामुळे. इराचा जन्म इथला. तिचं मराठी म्हणजे "आई, माझा बॅग कुठे आहे?" एका रविवारी सुनंदा तिला वैतागून सांगत होती, "माझी बॅग, माझा डबा, माझं पुस्तक." विंकेल कान टवकारून उभे राहिले. मराठीत तिसरं लिंग आहे? न्यूटर आहे? इंग्लिशने ते केव्हाच फेकून दिलं, फ्रेंचांनी हरवलं, आणि इथे वरच्या मजल्यावर ते रोज वापरात आहे? त्यानंतर जिन्यात भेटले की ते विचारत: ट्रेन? ती. फ्रीज? तो. घर? ते. काही महिन्यांनी इरा म्हणाली, "माझा गाणं", आणि खालच्या मजल्यावरचा जर्मन म्हातारा जिन्यातून गंभीरपणे म्हणाला, "माझं. न्यूटर." तेव्हापासून ती मराठी बोलण्याआधी जिन्यात डोकावून पाहते.

त्यांच्या निवृत्तीच्या चहापानाला आम्हालाही बोलावणं होतं. ग्रीक शिकवणं तोवर युनिव्हर्सिटीने जवळजवळ बंदच केलं होतं. त्यांचा विभाग आणखी दोन विभागांत विरघळवून त्याला असं नाव दिलं होतं की त्यात नेमकं काय शिकवतात ते कळू नये. डीन बाईंनी भाषण केलं. लोथार म्हणजे आपला ठेवा, लोथार म्हणजे आपला वारसा. ठेवा आणि वारसा हे शब्द माणूस उपयोगाचा राहिला नाही की वापरतात, हे मला आमच्या हॉस्पिटलातही दिसलं आहे. मग त्यांनी हसत हसत सांगितलं की युनिव्हर्सिटीने एकदा सगळ्या प्राध्यापकांना विचारलं होतं, तुमच्या संशोधनाचा बाहेरच्या समाजात कुणाला फायदा होतो? आणि लोथारने लिहिलं होतं: 'दुःखी लोकांना. पण अजून नाही.' सगळे हसले. विंकेल हसले नाहीत. त्यांनी ते खरं म्हणूनच लिहिलं होतं. मग त्यांना काचेचं एक जाडजूड पेपरवेट मिळालं, त्यावर लॅटिन वचन कोरलेलं. आभाराच्या भाषणात त्यांनी त्या वचनातली विभक्तीची चूक समजावून सांगितली. ते पेपरवेट पुढे त्यांच्या बाथरूमचं दार उघडं ठेवायला उपयोगी पडलं.

मोइराचं आतड्याचं ऑपरेशन झालं होतं आणि ती बरी झाली होती. ठरावीक महिन्यांनी स्कॅन व्हायचा आणि रिपोर्ट यायचा. दोन रिपोर्ट चांगले आले. तिसरा आला त्या शुक्रवारी विंकेल आमच्याकडे वर आले. कानामागची पेन्सिल हातात होती. त्यांनी तिन्ही रिपोर्ट आमच्या जेवणाच्या टेबलावर शेजारी शेजारी मांडले.

"डॉक्टर दामले, या तीन प्रती आहेत. लेखक एकच. ही पहिली. 'यकृतात आजार पसरल्याचा पुरावा नाही.' ही दुसरी. शब्दशः तेच. आता ही तिसरी. 'यकृतात आजार पसरल्याचा पुरावा आहे.' तुम्ही लोक असं लिहिता? पुरावा असला की तुम्ही माप लिहिता, जागा लिहिता. इथे माप नाही. हे नकाराचं वाक्य आहे. त्यातला नकार पडला आहे."

इंग्रजीत तो फरक एका 'नो'चा होता. दोन अक्षरं.

"माझा ब्रदर हेच करतो," ते म्हणाले. "तुमचा ब्रदर कोण आहे?"

आमचा ब्रदर म्हणजे एक यंत्र. आम्ही माइकमध्ये बोलतो आणि ते टाइप करतं. आणि ते नकार गाळतं. हे आमच्या धंद्यात सगळ्यांना माहीत आहे. दरवर्षी आम्हाला त्याबद्दल ताकीद मिळते. तिसऱ्या प्रतीत माप नव्हतं हेही खरं. समोर बसलेला माणूस खुळ्यासारखा आशेला चिकटलेला नव्हता. त्याने आयुष्यभर जे केलं तेच तो करत होता, आणि ते बिनचूक करत होता. त्याचा तर्क ऐकून मलाही वाटलं, असेल.

"शक्य आहे," मी म्हणालो.

"तुम्ही पाहू शकता का?"

मला पाहता येत नव्हतं. मोइरा दुसऱ्या हॉस्पिटलची पेशंट. ज्या पेशंटशी आपला संबंध नाही त्याचं रेकॉर्ड उघडलं तर नोकरी जाते, आणि जायलाच हवी. मी त्यांना रीतसर मार्ग सांगितला: कन्सल्टंटच्या सेक्रेटरीला फोन करा, ज्याने रिपोर्ट केला त्याला पुन्हा बघायला सांगा. त्यांनी आमच्याच टेबलावरून फोन केला. पलीकडून उत्तर आलं की मंगळवारी कळेल.

ते शनिवार-रविवार मला अजून आठवतात. विंकेल शिट्टी वाजवत होते. त्यांनी सगळ्या मजल्यांची बिनं स्वतः बाहेर नेऊन ठेवली. मिसेस मकेकनींच्या नव्या नोटिशीखाली त्यांनी 'उत्तम' असं लिहिलं, त्यामुळे त्या घाबरल्या. रविवारी मोइराने स्कोन भाजले आणि प्लेट घेऊन वर आली. चार पायऱ्यांवर दोनदा थांबली. सुनंदाने प्लेट घेतली आणि तिच्याकडे पाहिलं.

"तुला काय वाटतं, मोइरा?"

"मला काय वाटायचंय, हेन? शरीर माझं आहे. मला भूक नाही, रंग बघ माझा. मी चाळीस वर्षं लोकांचे रंग बघितलेत."

"मग त्यांना सांग ना."

"त्याला त्याचा वीकेंड घेऊ दे," मोइरा म्हणाली. "इतक्या वर्षांत पहिल्यांदा माझ्यावर काम करतोय तो."

मंगळवारी मी कामावरून लवकर आलो. विंकेल जिन्यात, आमच्या दाराखालच्या पायरीवर बसले होते. जाकीट घातलेलं, टाय लावलेला. हातात फोन होता.

"डॉक्टर दामले," ते म्हणाले, "पाठ शुद्ध आहे."

आमच्या भाषेत याचा अर्थ असा: चित्रं पुन्हा पाहिली, रिपोर्ट दिला तसाच कायम. संपादकाच्या भाषेत 'पाठ शुद्ध आहे' याहून मोठी शाबासकी एखाद्या ओळीला मिळत नाही. मी त्यांच्या शेजारी बसलो. खालचं दार उघडं होतं. आतून मोइराचा आवाज आला.

"लोथार. ये आत. गार फरशीवर बसू नकोस."

ते उठले नाहीत. ती दारापर्यंत आली, चौकटीला धरून उभी राहिली.

"तो छोटा शब्द हरवला नव्हता, लोथार," ती म्हणाली. "या वेळी ब्रदर बरोबर होता. आता चहा घे."

ती हिवाळा संपायच्या आत गेली. अंत्यविधीला तिने वजन केलेली बाळं, आता टक्कल पडलेले मोठाले पुरुष, रांगेने आली होती. पाद्री म्हणाला की मोइरा आता अधिक चांगल्या ठिकाणी आहे. विंकेल माझ्या शेजारी बसले होते. त्यांनी त्यावर काहीच शेरा मारला नाही, आणि त्यानेच मला भीती वाटली.

त्यानंतर ते त्या ओळीवर तुटून पडले. पूर्वी ते काम एखाद्या जुन्या सवयीसारखं चालायचं. आता ते सकाळी बसत आणि दिवस मावळला तरी दिवा लावत नसत. दाढी वाढली. मिसेस मकेकनी एकदा आमच्याकडे आल्या आणि हलक्या आवाजात म्हणाल्या, "खालचे आत कुणालातरी शिव्या देतायत. आत तर कुणीच नाहीये." मी खाली गेलो. आत ब्रदर होता.

"मला तो शब्द हवा आहे," विंकेल म्हणाले. टेबलावर, खुर्चीवर, मोइराच्या विणकामाच्या टोपलीवर कागद होते. "पूर्वी मला तो पुस्तकासाठी हवा होता. आता मला हवा आहे. तुम्हाला फरक कळतो? लिसिफॉनला माहीत होता. तो वल्गना करणारा माणूस नाही. त्याने सगळं करून पाहिलं होतं. त्याला एक गोष्ट सापडली, त्याने ती लिहिली, आणि हा भुकेला गाढव."

वाक्य तिथेच राहिलं. मी कधी त्यांचं अर्धवट वाक्य ऐकलं नव्हतं. जर्मन माणसाचं क्रियापद शेवटी येतं. ते न ऐकता उठता येत नाही. मी तसाच बसून राहिलो.

ते इटलीतल्या त्या ग्रंथालयातही जाऊन आले, जिथे ती एकमेव प्रत आहे. फोटोत जे दिसत नाही ते प्रत्यक्ष पाहिल्यावर दिसेल, अशी त्यांना आशा होती. परत आले तेव्हा मी त्यांना घ्यायला एअरपोर्टला गेलो होतो. गाडीत बसल्यावर बराच वेळ ते वायपरकडे पाहत होते.

"अक्षरं तीच आहेत," ते म्हणाले. "फार सुंदर आहेत. त्याचं अक्षर माझ्यापेक्षा चांगलं आहे."

सुनंदाने त्यांच्यासाठी मंगळवार लावून दिला होता. मंगळवारी ते वर जेवायला येत. सुरुवातीला ती डबा खाली पाठवायची, पण दुसऱ्या दिवशी तो तसाच परत यायचा, धुतलेला आणि भरलेला. भरलेला डबा धुणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही. मग तिने सांगितलं की डबा बंद, वर यायचं, आणि मी समोर बसणार. ते येत, टाय लावून. थोडं खात. 

अशाच एका मंगळवारी, सुनंदा दुसऱ्यांदा भात वाढत असताना, ते म्हणाले, "मी आज घातले."

काय घातले, ते आम्हा दोघांनाही कळलं. सुनंदाचा हात भातावर थांबला.

"दोन्ही?" मी मूर्खासारखं विचारलं.

"एक घालता येत नाही, डॉक्टर दामले. ते जोडीने असतात."

मग ते जेवू लागले. त्या दिवशी त्यांनी पानातलं सगळं संपवलं. ताक घेताना सुनंदाकडे पाहून म्हणाले, "ग्रीफला तुमच्याकडे काय म्हणतात?"

"दुःख."

"तो, ती, की ते?"

"ते. ते दुःख."

"न्यूटर," विंकेल म्हणाले. "ग्रीकमध्येही न्यूटर आहे." आणि त्यांनी मान हलवली, जणू या विषयावर दोन स्वतंत्र साक्षीदारांची जबानी जुळली होती.

पुस्तक छापायला गेलं. अर्पणपत्रिकेत त्यांनी फक्त मोइराचं नाव घातलं होतं, लॅटिन रूपात, आणि नावाआधी एक क्रूस. जर्मनीत वारलेल्या माणसाच्या नावाला क्रूस लावायची रीत आहे. त्यात ग्रीकचा काही संबंध नाही. पण प्रकाशकाकडे पुस्तकाची मुद्रितं तपासणारा तरुण हुशार आणि काटेकोर होता. पुस्तकात सुरुवातीलाच दिलं होतं की क्रूस जोडीने येतात आणि त्यांच्यामधला मजकूर बिघडलेला असून उपलब्ध साधनांनी दुरुस्त करता येत नाही. त्याला एक सुटा क्रूस दिसला. त्याने मोइराच्या नावानंतर दुसरा घालून टाकला.

विंकेल ते पान घेऊन वर आले. बाकीच्या पानांवर त्यांची पेन्सिल नेहमीसारखी फिरली होती. त्या तरुणाचे तीन-चार स्वल्पविराम त्यांनी निर्दयपणे कापले होते. या पानावर काही नव्हतं.

"हे चुकलंय ना?" मी विचारलं.

"चुकलंय," ते म्हणाले. बराच वेळ ते पाहत राहिले. दोन क्रूस, आणि मध्ये मोइरा. "शक्य आहे," ते म्हणाले.

"आणि ग्रीक?"

त्यांनी कानामागची पेन्सिल काढली आणि समासात एक छोटा लॅटिन शब्द लिहिला. मुद्रितं तपासणारे तो वापरतात. त्याचा अर्थ 'राहू द्या'.

"ग्रीक आहे," ते म्हणाले.

पुस्तक निघालं त्या वसंतात ते फ्लॅट विकून जर्मनीला बहिणीकडे राहायला गेले. मी त्यांना शेवटचं पाहिलं ते जिन्याच्या तळाशी. टॅक्सी बाहेर उभी होती, ड्रायव्हर बॅगा नेत होता. विंकेल कोट घालून नोटीस बोर्डासमोर उभे होते. मिसेस मकेकनींची ताजी नोटीस होती: 'सर्व रहिवाशांनी एकमेकांचा विचार करावा.' त्यांनी ती दोनदा वाचली. पेन्सिल काढली. त्यांना दुरुस्त करायला एकही जागा सापडली नसावी, किंवा सगळंच सापडलं असावं. त्यांनी वाक्याच्या आधी एक आणि नंतर एक क्रूस काढला, पेन्सिल कानामागे ठेवली, माझ्याशी हस्तांदोलन केलं आणि म्हणाले, "फ्राऊ दामलेंना सांगा, तळटीप बघा." मग टॅक्सीत बसले. मागे वळून पाहिलं नाही.

ती नोटीस मिसेस मकेकनींनी आजवर काढलेली नाही.

तळटीप आम्ही पाहिली. लिसिफॉनच्या त्या ओळीखाली, काळ, मद्य, झोप आणि फ्रेंचाची मैत्री यांच्यानंतर, शेवटी एक नोंद आहे. लॅटिनमध्ये आहे, पण तेवढं कळतं: 'जेवण: एस. दामले, तोंडी. कदाचित बरोबर.' सुनंदाने ते पान फोटो काढून पुण्याला बहिणीला पाठवलं. बहिणीने विचारलं, हे कुठलं रेसिपी बुक.

पुढच्या वर्षी विंकेल वारल्याचा मेसेज त्यांच्या बहिणीने पाठवला. त्यानंतर काही आठवड्यांनी, त्यांच्या जुन्या पत्त्यावर, एका जर्मन नियतकालिकाचा अंक आला. खालचे नवे भाडेकरू तो आमच्याकडे घेऊन आले. त्यात पुस्तकाचं परीक्षण होतं. फोनवर भाषांतर करून मी ते सुनंदाला वाचून दाखवलं. परीक्षकाच्या मते ही आवृत्ती पुढची शंभर वर्षं पुरेल. त्या प्रसिद्ध जागी संपादकाने क्रूस घातले, हे धैर्याचं आहे. दामले यांचं अन्य लेखन परीक्षकाला उपलब्ध झालं नाही. मुद्रणदोष संपूर्ण पुस्तकात एकच: अर्पणपत्रिकेत एक क्रूस जास्त पडला आहे, पुढील आवृत्तीत तो काढावा.